व्हेनिसचा करार, पुण्याचा उंबरठा

१८९७ सालचा फेब्रुवारी-मार्च. इटलीतल्या व्हेनिस शहरात युरोपातल्या राष्ट्रांचे वकील आणि डॉक्टर एकत्र बसून खल करत होते. विषय होता प्लेगने ग्रासलेला हिंदुस्थान. तिथून निघणारी जहाजे, हाजी, जुने कपडे, कच्ची कातडी यांना आपल्या बंदरांत येऊ द्यायचे का, आणि द्यायचे तर कोणत्या अटींवर? त्याच दिवसांत पुण्याच्या पेठांमधून माणसे वळकट्या बांधून गावाबाहेर पडत होती. मागे राहिलेली दाराला आतून अडसर घालून बसली होती. व्हेनिसची परिषद १६ फेब्रुवारीला सुरू झाली आणि १९ मार्चला करारावर सह्या झाल्या. त्या सह्यांच्या सहा दिवस आधी, १३ मार्चला, पुण्यात शिपायांनी घरझडती सुरू केली होती.

रँडचे नाव पुण्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गणेशखिंडीतला अंधार, चापेकर बंधू, टिळकांवरचा खटला हे सगळे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले आहे. तिथे ही गोष्ट पुण्यात सुरू होते आणि येरवड्याच्या फाशीपाशी संपते. तिचा एक धागा मात्र पुण्याबाहेर, सुवेझच्या कालव्यातून थेट व्हेनिसपर्यंत जातो. आज ‘जागतिक आरोग्य संघटना’ म्हणून आपण जिला ओळखतो तिचे मूळ त्याच टोकाला आहे. ज्या सभेला स्वतःचे सैन्य नाही, न्यायालय नाही, खजिना नाही, तिचा शब्द हजारो मैलांवरच्या घरात कसा पोचतो, हे पुण्याने फार लवकर आणि फार कडू रीतीने पाहिले.

पटकीने भरवलेली सभा

एकोणिसाव्या शतकात युरोपला खरी धास्ती होती पटकीची. गंगेच्या खोऱ्यातून निघालेला हा रोग व्यापाराच्या वाटेने रशिया, फ्रान्स, इंग्लंड गाठत असे. त्यावरचा जुना उपाय म्हणजे जहाज बंदराबाहेर अडकवून ठेवायचे. ही पद्धत व्हेनिसनेच शतकांपूर्वी रूढ केली होती. ‘क्वारंटीन’ हा शब्दही तिथलाच. चाळीस दिवसांच्या अटकावावरून पडलेला. पण आगबोटींच्या काळात चाळीस दिवस जहाज अडकले तर व्यापारी बुडणार. शिवाय प्रत्येक बंदराचा नियम निराळा. म्हणून १८५१ मध्ये पॅरिसला बारा राष्ट्रे एकत्र आली. प्रत्येकाने एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी पाठवला. सहा महिने बोलणी चालली आणि हाती जवळजवळ काही लागले नाही, कारण रोग कशाने पसरतो यावरच डॉक्टरांचे एकमत नव्हते.

पुढच्या चाळीस वर्षांत अशा सभा पुन्हा पुन्हा भरल्या. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या परिषदेने पटकीचे घर हिंदुस्थानात आहे आणि मक्केची यात्रा तिची वाट आहे, असे ठरवून टाकले. तीनच वर्षांनी, १८६९ मध्ये, सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपच्या अंगणात आली. कालव्यातून जाणारी बहुतेक जहाजे ब्रिटिश होती. साहजिकच क्वारंटीनला सर्वांत जोराचा विरोध ब्रिटनचाच. हिंदुस्थान सरकारच्या आरोग्य खात्यातले वरिष्ठ अधिकारी तर पटकी माणसाकडून माणसाला होतच नाही, असे वर्षानुवर्षे ठासून सांगत राहिले. त्यात शास्त्र किती आणि व्यापार किती, हे वेगळे करणे अवघड आहे.

बोलण्यातून करार निघायला १८९२ साल उजाडले. व्हेनिसच्याच परिषदेत कालव्यातून जाणाऱ्या जहाजांसाठी पहिले सर्वमान्य नियम झाले. तोवर रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू शोधला होता, त्यामुळे वादाला थोडी शास्त्राची बैठक आली होती. या परिषदांकडे कायमचे कार्यालय नव्हते आणि कारकूनसुद्धा नव्हते. तरी त्यांच्या हाती एक गोष्ट होती: बंदराचे दार. करार पाळलात तर दार उघडे, नाही तर बंद. त्यांची सगळी सत्ता या एका दारात सामावलेली होती.

मांडवीतला ताप

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना ताप आणि जांघेत गाठ असलेले रोगी आढळले. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी जाहीर केले. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये याच रोगाने कहर केला होता. तिथे अलेक्झांड्र येरसँ यांनी जंतू शोधला होता आणि ब्रिटिश शिपायांनी घरोघर शिरून रोगी बाहेर काढले होते. मुंबईत भीतीने लाखो माणसे शहर सोडून निघाली. कोकणात, देशावर, गुजरातेत जो तो आपल्या गावी परतला आणि आगगाडीबरोबर रोगही निघाला. डिसेंबर-जानेवारीपर्यंत तो पुण्यात रुजला होता.

युरोपात या बातमीने खळबळ उडाली. पटकीची सवय झाली होती; प्लेग म्हणजे चौदाव्या शतकातल्या ‘काळ्या मृत्यू’ची आठवण. एकेका देशाने मुंबईच्या जहाजांवर आणि मालावर निर्बंध घालायला सुरुवात केली. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात बोस्नियाचे मुसलमान होते आणि ते मक्केला जात. हिंदुस्थानी यात्रेकरूंकडून रोग त्यांना लागेल आणि ते तो युरोपच्या पोटात आणतील, हे भय. म्हणून ऑस्ट्रियाच्या पुढाकाराने तातडीची परिषद ठरली. अशा परिषदांच्या मालिकेतली ही दहावी.

हिंदुस्थान सरकार पेचात सापडले. मुंबईचा कापूस, धान्य, कातडी युरोपच्या बंदरांत अडली तर इलाख्याचा व्यापार बसणार. परिषदेत ‘आम्ही काही करत नाही’ असे दिसले तर दार बंद होणार. परिषद भरण्याच्या बारा दिवस आधी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, कलकत्त्याच्या कायदेमंडळाने साथरोग कायदा संमत केला. १८९७ चा हा कायदा क्रमांक तीन तेव्हा अवघ्या चार कलमांचा होता. साथीच्या काळात सरकारने हवे ते नियम करावेत, प्रवाशांना तपासावे, संशयितांना वेगळे ठेवावे. नियम मोडणाऱ्याला दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा. आणि चौथे कलम असे, की या कायद्याखाली सद्भावनेने काही करणाऱ्या माणसावर दावा लावता येणार नाही. त्या वर्षीची मुंबईहून होणारी हज यात्राही सरकारने थांबवली. १८५७ नंतर लोकांच्या धर्मात हात न घालण्याचे वचन देणाऱ्या सरकारला हे पाऊल सोपे नव्हते.

व्हेनिसमधला सौदा

व्हेनिसमध्ये ब्रिटनची बाजू ठरलेली होती. जहाजे आठवडेच्या आठवडे अडकवू नका. त्याऐवजी रोगाची बातमी ताबडतोब द्या आणि माणसांची डॉक्टरी तपासणी करा. करारात ही बाजू बरीचशी उतरली. आपल्या मुलखात प्लेग निघाल्यास इतर राष्ट्रांना तारेने कळवण्याचे बंधन प्रत्येक राष्ट्राने मान्य केले. रोग अंगात दबून राहण्याची मुदत दहा दिवस धरली गेली, त्यामुळे अटकावाला वरची मर्यादा आली. रोगट बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक माणसाची जहाजावर चढण्यापूर्वी, जमिनीवर आणि दिवसाउजेडी तपासणी व्हायची होती. जुने कपडे, चिंध्या, कच्ची कातडी अशा मालावर बंदी घालण्याची मुभा राहिली.

वरवर पाहता करार समंजस होता. युरोपचा व्यापार वाचला, क्वारंटीन सौम्य झाले. पण अटकावाचे ओझे नाहीसे झाले नव्हते. ते येणाऱ्या बंदरावरून निघणाऱ्या बंदरावर सरकले होते. मार्सेयच्या धक्क्यावर जे सैल झाले त्याची भरपाई मुंबईच्या धक्क्यावर, कल्याणच्या रेल्वे फलाटावर आणि पुण्याच्या वाड्यात व्हायची होती. आमचे दार उघडे ठेवायचे तर तुमचे घर तुम्ही झाडा, हा त्या सौद्याचा मथितार्थ.

इथे एक खुलासा करायला हवा. व्हेनिसमधल्या कुणी पुण्याला हुकूम पाठवला नव्हता. करारात पुण्यातल्या घरझडतीचा उल्लेख नाही आणि झडत्या सुरू झाल्या तेव्हा करारावर सह्याही व्हायच्या होत्या. मुंबईचा व्यापार, पुण्याची आणि खडकीची लष्करी छावणी, हाँगकाँगचा धडा ही सरकारची स्वतःची कारणेही भक्कम होती. परिषदेने केले ते एवढेच, की ढिलाईची किंमत वाढवून ठेवली. सरकारला त्या काळात जगापुढे कडक दिसणे भाग होते आणि कडक दिसण्याची जागा पुणे ठरले.

वाड्यात शिरलेले बूट

मार्चच्या सुरुवातीला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी पुण्यासाठी खास प्लेग समिती नेमली. अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड हे सनदी अधिकारी. साताऱ्याहून आलेल्या रँडची ख्याती आधीच पसरलेली होती. वाईच्या मिरवणुकीच्या प्रकरणात त्यांनी प्रतिष्ठित ब्राह्मणांना तुरुंगात धाडले होते. समितीत कर्नल फिलिप्स आणि लष्करी डॉक्टर बेव्हरिज होते. दिमतीला सुमारे नऊशे सैनिक, गोरे आणि देशी दोन्ही.

कामाची रीत ठरलेली होती. तुकडी गल्लीत शिरायची, घर उघडायला लावायची, खोल्या, माजघर, देवघर, माळा सगळे धुंडाळायची. ताप असलेला माणूस सापडला की त्याला प्लेगच्या इस्पितळात आणि घरच्यांना गावाबाहेरच्या विलगीकरण छावणीत धाडायचे. घराची जमीन उकरायची, भिंतींना चुना मारायचा, अंथरूण-पांघरूण जाळायचे. मृत्यूची नोंद केल्याशिवाय प्रेत हलवायचे नाही. गावाबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्यांची तपासणी. त्यात बायकांच्या काखा-जांघा चाचपणे आले, आणि ते परपुरुषाच्या हातून.

डॉक्टरी दृष्टीने यातले काही व्यर्थही होते. प्लेग उंदरावरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये. रँडचे शिपाई माणसे शोधत होते. रोग तोवर उंदरांबरोबर शेजारच्या घरात गेलेला असायचा.

आपल्या अहवालात समितीने स्त्रियांच्या अब्रूला हेतुपुरस्सर धक्का लावल्याची विश्वासार्ह तक्रार आली नाही म्हणून समाधान व्यक्त केले. ‘केसरी’, ‘मराठा’, ‘सुधारक’ या पत्रांत येणारा मजकूर नेमका उलट होता: देवघरात बूट, पळवलेल्या वस्तू, उघड्यावर तपासलेल्या बायका. टिळक मात्र वेगळे ठेवण्याच्या तत्त्वाविरुद्ध नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुण्यातले अनेक पुढारी गाव सोडून गेले तेव्हा ते राहिले, हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारायला पुढे झाले आणि पळणाऱ्यांवर त्यांनी टीका केली. त्यांचा आक्षेप रीतीवर होता.

त्याच मार्च महिन्यात पुण्याच्या दुसऱ्या अंगाला, हडपसरच्या बाजूला ससाण्यांच्या मळ्यात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. विलगीकरण तिथेही होते, पण तिथे रोग्याला उचलून नेणारा हात ओळखीचा होता.

२२ जूनची रात्र

मे महिन्यात साथ ओसरली आणि लष्कर मागे घेतले गेले. २२ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याचा समारंभ होता. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावरून मेजवानी आटोपून घोडागाड्या परतू लागल्या. दामोदर हरी चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्ण चापेकरांनी झाडली आणि तो जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला.

चापेकरांच्या मनात प्लेगचाच राग होता असे म्हणणे अपुरे ठरेल. परकी सत्ता, धर्मावरचे आघात, सुधारकांविषयीची चीड हे सारे त्यांच्यात आधीपासून धुमसत होते. प्लेगच्या झडतीने त्या रागाला एक चेहरा दिला आणि गावाची मूक सहानुभूती मिळवून दिली.

सरकारने सूड उगवावा तसा कारभार केला. पुण्यावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च गावाच्या माथी मारला. नातू बंधूंना खटला न चालवता स्थानबद्ध केले. सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, असे ‘केसरी’ने मथळ्यातच विचारले. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी त्यांना दोषी ठरवले, तिघा हिंदी ज्यूरींनी निर्दोष. राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि टिळक साऱ्या देशाचे पुढारी झाले. विलायतेत असलेल्या गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून शिपायांच्या अत्याचाराचे आरोप केले होते. पुरावा देता न आल्यामुळे परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर चापेकर येरवड्यात फासावर गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांचे भाऊ वासुदेव, साथीदार महादेव रानडे आणि बाळकृष्ण.

प्लेग मात्र पुन्हा पुन्हा येत राहिला. या वेळी सरकारने धोरण बदलले. सक्तीची झडती मागे पडली. गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहणे, उंदीर पडला की घर रिकामे करणे, हाफकिन यांची लस राजीखुशीने टोचून घेणे यांवर भर आला. लोकांना सोबत घेतल्याशिवाय साथ आवरत नाही, ही अक्कल सरकारला दोन गोऱ्यांच्या आणि चार मराठी तरुणांच्या मरणानंतर आली. तोवर प्लेग देशभर फोफावला होता. पुढच्या काही दशकांत त्याने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

दारापासून तारेपर्यंत

परिषदवाल्यांनीही आपली रीत बदलली. १९०३ च्या पॅरिस करारात उंदीर आला. जहाजातले उंदीर मारणे हे आता आंतरराष्ट्रीय काम झाले. दर साथीला नवी परिषद भरवण्यापेक्षा कायमचे कार्यालय बरे, असे ठरून १९०७ च्या करारान्वये पॅरिसमध्ये सार्वजनिक आरोग्याचे आंतरराष्ट्रीय कार्यालय निघाले. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने स्वतःची आरोग्य संघटना काढली. तिने १९२५ मध्ये सिंगापूरला एक कचेरी उघडली. आशियातल्या बंदरांचे साथीचे आकडे दर आठवड्याला तारेने तिथे यायचे आणि बिनतारी संदेशाने सगळीकडे जायचे. सिंगापूरच्या त्या कचेरीकडे एकही जहाज अडवण्याची ताकद नव्हती. पण कुठल्या बंदरात काय चालले आहे हे तिला सर्वांच्या आधी कळायचे, आणि त्यामुळे सर्वांना तिची गरज पडायची.

७ एप्रिल १९४८ रोजी जागतिक आरोग्य संघटना अस्तित्वात आली आणि पुढच्याच वर्षी तिचे आग्नेय आशियाचे कार्यालय दिल्लीत उघडले. तिच्या घटनेत एक कलम फार हुशारीने घातलेले आहे. जुन्या करारांना प्रत्येक राष्ट्राची स्वतंत्र मंजुरी लागे आणि त्यात वर्षे जात. नव्या संघटनेच्या सभेने नियम केले की ते आपोआप लागू; ज्याला नको असेल त्याने मुदतीत तसे कळवायचे. मौन म्हणजे संमती. १९५१ मध्ये पटकी, प्लेग, देवी, पीतज्वर, टायफस आणि पुनरावर्ती ज्वर या सहा रोगांसाठी असे नियम झाले.

भूमिकांची अदलाबदल इथे दिसते. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा डास आहे. म्हणून या रोगाबाबत स्वतंत्र भारत इतरांपेक्षा कडक राहिला. पीतज्वराच्या देशातून लस न टोचता आलेल्या माणसाला आजही आपण वेगळे ठेवतो. १८९७ मध्ये युरोप जे आपल्याला म्हणत होता तेच आता आपण आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांना म्हणतो.

पुण्याचा याच्याशी जवळचा संबंध आला. १९५२ मध्ये अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनने आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. १९५७ मध्ये शिमोग्याच्या रानात माकडे पटापट मरू लागली तेव्हा पीतज्वर आला की काय, अशी शंका होती. पुण्याच्या संशोधकांनी तो निराळाच विषाणू असल्याचे दाखवले. क्यासनूर अरण्यज्वर हे त्याचे नाव. १९७८ मध्ये हे केंद्र राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. ऐंशी वर्षांपूर्वी रोगाचे गाव म्हणून जगाच्या नकाशावर आलेले पुणे आता रोगाची ओळख पटवणारे गाव झाले होते.

नियम आणि भीती

नियम असले तरी भीती नियम पाळत नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा. विमाने बंद करण्याची, माल अडवण्याची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत राहिली. कित्येक देशांनी ऐकले नाही. विमाने थांबली, मागण्या रद्द झाल्या आणि भारताचे अब्जावधी रुपयांचे नुकसान झाले. खरे सांगितले तर शिक्षा होते, हा धडा त्यातून इतर देशांनी घेतला असल्यास नवल नाही.

२००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा संघटनेने आपल्या नियमांत नसलेली ताकद वापरली. टोरांटो, हाँगकाँग या शहरांना विनाकारण जाऊ नका, असे तिने जगाला उघड सांगितले. कॅनडा संतापला. आधी वापरलेल्या या अधिकाराला २००५ च्या नव्या नियमावलीने कायद्याचे रूप दिले. आता ठरावीक रोगांची यादी राहिली नाही. धोका वाटेल ते चोवीस तासांत कळवायचे. वर्तमानपत्रांतून आणि इतर मार्गांनी आलेल्या बातमीवरही संघटना सरकारला जाब विचारू शकते आणि ‘आंतरराष्ट्रीय आणीबाणी’ जाहीर करू शकते.

ही तरतूद पहिल्यांदा वापरली गेली २००९ च्या स्वाइन फ्लूसाठी, आणि तिचा धक्का पुण्याला बसला. ३ ऑगस्टला एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातला हा पहिला बळी. नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, मास्क मिळेनासे झाले, शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली. नमुने तपासायला पुण्यातच संस्था होती. आणि खासगी रुग्णालयांना कामाला लावण्यासाठी सरकारने जो कायदा काढला तो १८९७ चाच होता. पुढे हा रोग वाटला तितका प्राणघातक नाही असे दिसल्यावर संघटनेने घाई केली, अशी टीका युरोपात झाली.

हडपसरचा शिक्का

सत्तेचा सर्वांत शांत प्रकार पुण्याच्या पूर्वेला, हडपसरला पाहायला मिळतो. प्लेगच्या काळात हाफकिन यांनी मुंबईत उभी केलेली प्रयोगशाळा पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. तिला प्रतिविष बनवण्यासाठी घोड्यांचे रक्तद्रव लागे आणि पूनावाला यांच्या तबेल्यातले निवृत्त घोडे तिथे जात. त्यातून सायरस पूनावाला यांना स्वतःच लस बनवण्याची कल्पना सुचली आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली.

जागतिक आरोग्य संघटना १९८७ पासून लशींची पूर्वपात्रता तपासते. ती कागदपत्रे पाहते, नमुने तपासते, कारखान्यात माणसे पाठवते, त्या देशाचे औषध नियंत्रण कसे चालते ते बघते. कायद्याने हे कुणावर बंधनकारक नाही. पण युनिसेफ गरीब देशांसाठी लस घेते ती या तपासणीत उतरलेली. त्यामुळे संघटनेचा, म्हणजे जिनिव्हाचा, शिक्का म्हणजे कोट्यवधी मुलांच्या दंडापर्यंतची वाट. या शिक्क्यावर हडपसरची लस जगभर गेली. आफ्रिकेतल्या मेनिंजायटिससाठी खास बनवलेली, पन्नास सेंटहून कमी किमतीची लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत टोचायला सुरुवात झाली, ती इथलीच.

मग कोविड आला. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने साथरोग कायदा लागू केला. पुण्यातल्या घरझडतीला बरोबर १२३ वर्षे झाल्याच्या दिवशी. १५ फेब्रुवारी २०२१ ला जिनिव्हाने पुण्याच्या कोविशील्डला तातडीच्या वापराची मान्यता दिली. नऊ दिवसांनी जगभर लस वाटण्याच्या कोव्हॅक्स योजनेतले पहिले सहा लाख डोस घानाच्या विमानतळावर उतरले. महिन्याभरात भारतात दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली. आफ्रिका ताटकळत राहिली. नोव्हेंबरपर्यंत कोव्हॅक्सला इथून लस गेली नाही. आधी आपली माणसे, हा दिल्लीचा निर्णय होता आणि कुठलेही सरकार बहुधा तेच करते. जिनिव्हाच्या शिक्क्याची मर्यादा मात्र त्यात उघडी पडली.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथींविषयीचा नवा करार मंजूर केला. लशींची वाटणी न्याय्य व्हावी, असे तो म्हणतो. कुठल्याही देशाला टाळेबंदी किंवा लसीकरणाची सक्ती करण्याचा अधिकार संघटनेला मिळत नाही, असेही त्यात स्पष्ट लिहावे लागले. १८५१ च्या पॅरिसमध्ये सुरू झालेले भांडण अजून त्याच दोन टोकांमध्ये चालू आहे.

दीडशेहून अधिक वर्षांच्या या प्रवासात जागतिक आरोग्याच्या संस्थांनी आपली ताकद कधी बंदराच्या दारातून मिळवली, कधी तारेतून, कधी नियमातून, कधी शिक्क्यातून. शिपाई त्यांना कधीच मिळाले नाहीत. त्यांचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत नेहमी दुसऱ्याच कुणाच्या हातून गेला आणि त्या हातावरून लोकांनी तो शब्द जोखला. १८९७ मध्ये पुण्याच्या उंबरठ्याशी असे दोन हात आले होते. एकाने झडती घेतली, दुसऱ्याने मूल पाठीवर घेतले. गणेशखिंडीतल्या ज्या बंगल्यातली मेजवानी आटोपून रँड निघाला, तिथे आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. २०१४ पासून त्या विद्यापीठाला नाव आहे सावित्रीबाई फुले यांचे.